चाळिशीनंतर डोक्यात शिरत नाही असं वाटतंय? कार्ड पंचिंग करणाऱ्या एका भावाला उत्तर

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी चहा घेताना परत वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वय ४४, सोलापुरात पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात २१ वर्षं चौकोनी कागदावर नक्षीचा ग्राफ काढायचं आणि जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचं काम, शिक्षण नववीपर्यंत, घरात तेलुगू, शाळा मराठीतनं. मालक आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणतायत, डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं म्हणतायत. तुम्ही एका क्लासला नाव घातलं, आठ दिवस गेलात, नवव्या दिवशी बंद केलंत. मग दीड महिना रोज सकाळी सकारात्मक विचारांचे व्हिडिओ, आरशासमोर उभं राहून "मला जमतं" म्हणणं, वहीत संकल्प लिहिणं, सगळं केलंत. आणि विचारलंय की एवढं करून पण मन तयार होईना, वय झालं का, का माझा माइंडसेटच खराब आहे? शिवाय आधी दहावी करून घ्यावी का म्हणून पण विचारलंय.

मी २७ वर्षं लोकांना मशीनवरचं काम शिकवतोय, पहिली काही वर्षं आयटीआयत पोरांना आणि नंतर बहुतेक संध्याकाळच्या बॅचला, म्हणजे दिवसभर कारखान्यात राबून आलेली ३५ ते ५५ वयाची माणसं. तुमच्यासारखा प्रश्न माझ्यासमोर कितीतरी जणांनी मांडलाय, कुणी तोंडानं, कुणी नुसतं यायचं बंद करून. त्या अनुभवावरनं सांगतो, तुमचा माइंडसेट खराब नाहीये. तुम्ही क्रम उलटा लावलाय. मन तयार झालं की शिकायला बसू असं धरून चाललाय, आणि मी जेवढी माणसं शिकताना बघितली त्यांच्यात आधी हातानं एखादी बारकी गोष्ट जमली आणि मन मागनं आलं. उमेद ही जमलेल्या कामाच्या मागं मागं येते, म्हणून पहिलं काम इतकं बारकं धरायचं की ते त्याच दिवशी जमलंच पाहिजे.

आता काही गोष्टी मला इथनं दिसत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुमची शिफ्ट किती तासांची, घरी बसायला जागा आहे का, मालक शिकायला कारखान्यातला कॉम्प्युटर देतायत का, डोक्यावर कर्ज किती. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला रात्री साडेनऊला क्लासमध्ये बसवलं तर विशीतला पोरगा पण पेंगणार, त्यात वयाचा संबंध नाही. म्हणून पुढचं सगळं तुमच्या रोजच्या दिवसात बसवून घ्या.

पहिली गोष्ट तुम्हाला साधी वाटेल पण ती आधी करा. डोळे तपासा. आपल्या भाषेत त्या चष्म्याचं नावच चाळिशी आहे, वय चाळीसच्या पुढं गेलं की जवळचं दिसायला त्रास होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. जवळचा चष्मा साधारण हातातल्या कागदाच्या अंतराला बनवलेला असतो, दीड-दोन वीत. कॉम्प्युटरचा पडदा त्याच्या दीडपट-दुप्पट लांब असतो. ग्राफ काढताना ज्या चष्म्यातनं चौकोन न् चौकोन स्वच्छ दिसतो त्याच चष्म्यातनं पडदा धुरकट दिसतो, आणि चष्मा काढला तरी धुरकटच. माझ्या बॅचला एक जण होते, पंधरा मिनिटं झाली की कपाळ चोळायचे, म्हणायचे "सर डोकं बधिर होतंय, कळना झालंय". मी टेप घेतला, डोळ्यापासून पडद्यापर्यंत मोजलं, ६० सेंटिमीटर भरलं, कागदावर लिहून दिलं आणि चष्म्याच्या दुकानात हे अंतर सांगा म्हटलं. आठवड्यानं आले ते तासभर बसले. त्यांनी वर्षभर स्वतःला मंद समजून घेतलं होतं. तुम्ही आठ दिवसांनी डोकं दुखतं म्हणून पण लिहिलंय, म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

वयाचं म्हणाल तर, वेग कमी होतो हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. नवीन गोष्ट पटकन पकडणं विशीत जेवढं सोपं तेवढं चव्वेचाळीसला नसतं. पण शिकायची दारं बंद होतात हे खोटं आहे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना लायसन्ससाठी शहरातले जवळपास २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं जातात. तिथल्या संशोधकांनी ही तयारी सुरू करणाऱ्या ७९ जणांचे मेंदू तपासले आणि काही वर्षांनी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे परत तपासले, २०११ साली त्याचा निकाल आला. ७९ मधले ३९ जण पास झाले आणि रस्ते-जागा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग फक्त त्या पास झालेल्यांचाच वाढलेला दिसला. ही सगळी मोठी, कामधंद्याला लागलेली माणसं होती, शाळेतली पोरं नव्हेत.

आणि दुसऱ्या बाजूनं, नुसत्या माइंडसेटनं किती फरक पडतो हे पण तपासलेलं आहे. अमेरिकेत नववीच्या १२ हजारांवर पोरांना "बुद्धी वाढवता येते" हे समजावून सांगणारा तासाभरापेक्षा कमी वेळाचा धडा दिला, २०१९ साली त्याचा निकाल आला. मागं पडलेल्या पोरांच्या ग्रेडमध्ये ०.१ पॉइंटची वाढ झाली. तासाभराच्या धड्याला एवढी वाढ म्हणजे चांगलीच, पण बाकीचं काम शिकवण्यानं आणि सरावानंच होणार हे त्यातनंच दिसतं. त्यामुळं तुमच्या व्हिडिओंचा काही उपयोग नव्हता असं मी म्हणत नाही, पण दीड महिना फक्त तेच केलं आणि माउसला हात लावला नाही, तर मन कशावर उभं राहणार?

आता मला तुमच्या कामाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे.

कार्ड पंचिंग म्हणजे काय हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एका कार्डावर एक भोक चुकीचं पडलं की तो दोष चादरीत त्या डिझाइनच्या प्रत्येक फेरीत उमटतो, शंभर चादरी निघाल्या तर शंभरात. म्हणून पंच मारायच्या आधी दोनदा बघायचं, बोट ठेवून मोजायचं, आणि खात्री असल्याशिवाय हात चालवायचा नाही. तुम्ही २१ वर्षं हेच केलंय. चूक न करणं हाच तुमचा हुन्नर आहे, त्यावरच तुमचं घर चाललंय. असा माणूस क्लासला गेला, समोर वीस बटणं, कशानं काय होतं माहीत नाही, आणि शेजारची पोरं धडाधड कुठंही क्लिक करतायत. ती पोरं तुमच्यापेक्षा हुशार आहेत असं तुम्हाला वाटलं. माझं मत सांगतो, ती तुमच्यापेक्षा बेफिकीर आहेत, आणि नवीन शिकताना पहिल्या महिन्यात थोडी बेफिकिरी लागते. तुम्ही हात आखडून बसलात कारण तुमच्या धंद्यानं तुम्हाला तेच शिकवलंय. ह्याला कुणी "नकारात्मक" म्हणत असेल तर म्हणू दे, मी म्हणणार नाही.

उपाय असा की चुकायला एक जागा वेगळी काढायची. कॉम्प्युटरवर कुठल्याही फाइलची नक्कल करता येते, तिला नाव द्या "सराव", आणि त्या फाइलीत मुद्दाम चुका करा. रोज दहा मिनिटं, वाटेल ते बटण दाबा, चित्र बिघडवा, आणि मग कंट्रोल दाबून झेड दाबा. झालेलं परत येतं. पुन्हा बिघडवा, पुन्हा परत आणा. कार्डाला ही सोय नव्हती, चुकलेलं भोक बुजवत बसा नाहीतर कार्ड नवीन करा. माझ्या बॅचला पहिला दिवस मी फक्त एवढंच शिकवतो. ज्या माणसानं पन्नास वेळा बिघडवून पन्नास वेळा परत आणलंय त्याचा खांदा खाली येतो, ते मागनं बघताना सुद्धा कळतं.

हे मला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाही. मी ३७ वर्षांचा असताना सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोडवर चालणारी लेथ, शिकायला एका खाजगी ठिकाणी पैसे भरले, त्याआधी साध्या लेथवर माझी १५ वर्षं गेली होती. शिकवणारा इंग्रजी पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचा आणि विचारलं की चिडायचा. तीन आठवड्यांनी मी सोडलं, घरी येऊन बायकोला सांगितलं की हे आपल्या नशिबात नाही. दोन-तीन महिने तोंड पाडून होतो. मग एका रविवारी जेवण झाल्यावर एक पायऱ्यांची पिन घेऊन बसलो, असली पिन मी शेकड्यांनी काढली असेल. डोळे मिटून हाताच्या हालचाली मराठीत लिहून काढल्या: चक फिरव, टूल पटकन जवळ आण, इथनं कापत सरळ जा, मागं घे. मग त्याच्या शेजारी कोड लिहिले. पटकन जवळ आण म्हणजे जी झिरो, कापत सरळ जा म्हणजे जी वन, गोलाई असली तर जी टू नाहीतर जी थ्री, चक फिरव म्हणजे एम थ्री. पंधरा ओळी झाल्या. आणि मला दिसलं की मला हे सगळं येतच होतं, फक्त त्याला दुसरी नावं होती. त्या रात्री मी अडीच वाजेपर्यंत जागा होतो, आनंदानं.

आता तुमचं बघा. जकार्डचं तत्त्व काय? भोक असलं की सुई आत जाते, हुक उचलला जातो, ताण्याचा म्हणजे उभा धागा वर. भोक नसलं की धागा खाली. बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याच्या एका फेकीला एक कार्ड. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र केलं, आणि पुढं १८९० साली अमेरिकेत जनगणना मोजायला होलेरिथनं भोकं पाडलेलीच कार्डं वापरली, कॉम्प्युटर त्याच वाटेनं पुढं आला. इलेक्ट्रॉनिक जकार्डात कार्ड जाऊन फाइल आली, आणि हुक उचलायचा का नाही हे सुईऐवजी विजेवर ठरतं. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. तुम्ही २१ वर्षं हातानं जे करताय ते कॉम्प्युटरच्या पोटातलंच काम आहे. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, तांत्रिकदृष्ट्या असंच आहे.

एक प्रसंग सांगतो. अशाच कामातले एक जण बॅचला आले, वय ५१. माउस असा धरायचे की बोटं पांढरी पडायची. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला मी हातच लावू दिला नाही. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं साधं पेंट उघडलं आणि म्हटलं, मालक, तुमच्या चादरीची काठाची वेल कॉम्प्युटरवर बघूया. त्यांच्याच चादरीचा फोटो छोटा करून उघडला आणि झूम करत गेलो. दोनदा, चारदा, आठदा. वेल मोठी होत होत तिचे चौकोन दिसायला लागले. ते पुढं वाकले, पडद्यावर नख ठेवलं आणि एक एक चौकोन मोजायला लागले, ग्राफवर मोजतात तसं. मग खुर्चीत मागं टेकले. "अरे, हा तर ग्राफच की." दुसरं काही बोलले नाहीत, पण माउसवरची बोटं सैल पडलेली मी बघितली. पुढच्या चाळीस मिनिटांत त्यांनी एक मोराचं तोंड भरलं, चौकोन चौकोन करून. त्या दिवसानंतर त्यांनी एक पण दिवस बुडवला नाही.

म्हणून क्लास परत लावायचा तर आधी असं काहीतरी करा. तुमच्या वहीतला सगळ्यात सोपा ग्राफ घ्या, वीस बाय वीस चौकोनांचं फूल चालेल, आणि तेवढंच पेंटमध्ये भरा. क्लासवाले पहिल्या आठवड्यात टायपिंग आणि टेबल बनवणं शिकवतात, त्यांचं चूक नाही, पण तुमच्या हाताला त्यात ओळखीचं काही सापडत नाही आणि म्हणून नवव्या दिवशी पाय निघत नाही.

शिकलेलं टिकवायचं कसं, तर इथं एक गोष्ट मी फार आग्रहानं सांगतो. व्हिडिओ बघून "कळलं" वाटतं ते फसवं असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींना तेच परत वाचायला लावलं, काहींना न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तेव्हा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला की मोबाइल पालथा ठेवा आणि काय बघितलं ते वहीत लिहा, तेलुगूत बोलून मराठीत लिहा, कसं पण. अडलं की मगच परत बघा. दुसऱ्या दिवशी सुरुवात करताना कालचं न बघता एकदा करून बघायचं, मग नवीन. रोज अर्धा-पाऊण तास पुरतो, पण रोज, रविवारी पाच तास बसून ते होत नाही.

इंग्रजीची भीती तुम्ही दोनदा लिहिलीय. तुम्हाला इंग्रजी भाषा शिकायची नाहीये, मेनूतले शब्द ओळखायचेत. ओपन, सेव्ह, कॉपी, पेस्ट, अनडू, झूम, रिपीट, रोटेट, फ्लिप, असे वीस-पंचवीस. वहीच्या डाव्या बाजूला शब्दाचं चित्र जसंच्या तसं काढा, उजवीकडं तुमच्या कारखान्यात त्याला जे म्हणतात ते लिहा. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात कन्नड कानावर पडते, सोलापूरचा माणूस असा तीन भाषांत वाढतो आणि पंचवीस शब्दांना घाबरतो, हे मला पटत नाही. आपल्याच गावचे डॉ. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा ते २७ चे होते आणि चिनी भाषा त्यांना येत नव्हती. लढाईतल्या जखमींवर उपचार करता करता ते ती बोलायला, वाचायला शिकले, कारण समोरचा पेशंट त्याच भाषेत सांगत होता कुठं दुखतंय ते. तुमच्यासमोर पण काम आहे, हा तुमचा फायदा आहे, नुसतं सर्टिफिकेटसाठी शिकणाऱ्याला तो नसतो.

आतापर्यंतचं एका दमात परत सांगतो म्हणजे गोंधळ नको: पडद्याच्या अंतराचा चष्मा, चुकायला सराव फाइल, पहिलं काम स्वतःच्याच ग्राफमधलं, आणि रोज न बघता आठवून करणं. संकल्पाची वही टाकून देऊ नका, फक्त तिच्यात सकाळी "मी करणार" लिहायच्या ऐवजी रात्री "आज हे हातानं झालं" अशी एक ओळ लिहा. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी तारीख लिहून रेघ मारा, स्वतःला शिव्या लिहू नका. माझ्याकडं अशा वह्या घेऊन लोक येतात, तीन महिन्यांनी मागची पानं उलटताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ती पोरं हसली म्हणून तुम्हाला लागलंय ते पण वाचलं. त्यांच्यातला एक जण धरा. कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्या नवीन पोरांची एक ठरलेली चूक असते, पडद्यावर डिझाइन देखणं दिसतं पण त्यात फ्लोट लांब राहतो, धागा बऱ्याच अंतरापर्यंत न बांधला जाता वर तरंगत राहतो. चादर घरी गेली की जोडवं त्यात अडकतं आणि धागा ओढला जातो. पडद्याकडं बघून "इथं धागा बांधला नाहीस" हे तुम्ही सांगू शकता, त्याला सांगता येणार नाही. त्याला तेवढं शिकवा आणि बदल्यात त्याच्याकडनं रोज एक बटण शिका. देवाणघेवाण सुरू झाली की हसणं आपोआप थांबतं, हे मी बऱ्याच कारखान्यांत बघितलंय.

दहावीचं म्हणाल तर ती चांगली गोष्ट आहे आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं देता येते, पण आत्ता दोन्ही एकदम धरू नका. मशीन आधी येतंय, ते आधी. एकदा शिकायची सवय लागली की दहावीचं पुस्तक पण हलकं वाटेल.

एक गोष्ट जरा वेगळी. तुम्ही शेवटी लिहिलंय की झोप लागत नाही आणि कशातच मन लागत नाही. हे फक्त मशीनच्या काळजीनं असेल तर काम सुरू झाल्यावर सुधारेल. पण दोन-तीन आठवडे सलग असंच असलं तर डॉक्टरांना दाखवा, नाहीतर १४४१६ वर फोन करा, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत, तेलुगूत दोन्हीत बोलता येतं. मन आजारी असताना सकारात्मक विचार करा म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे, तसला सल्ला मी कुणालाच देत नाही.

मालकांकडं एक मागून बघा, नवीन मशीन बसवायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा दोन-तीन दिवस तुम्हाला त्याच्याबरोबर उभं राहू द्या म्हणावं. हे मागायला लाजू नका, डिझाइन कळणारा माणूस शेजारी असला तर त्याचं पण काम लवकर होतं. आणि मशीन कुठलं येतंय, डिझाइनचं सॉफ्टवेअर कुठलं घेतायत, ते कळलं की इथंच लिहा. वीस बाय वीसचं ते फूल पेंटमध्ये भरून झालं की त्याचा फोटो पण टाका, कसं पण आलेलं असू दे, मी बघतो आणि पुढचं काय घ्यायचं ते सांगतो.